मी पुढं, ती प्रागमध्ये

मी प्राग शहर पाहिलेलं आहे. हे वाक्य मला स्वतःच्या घरात मोठ्यानं म्हणता येत नाही. जालन्यात आमच्याकडं कुणी पाहुणा आला, परदेशाचा विषय निघाला आणि मी जरा खाकरून "आम्ही प्रागला गेलो तेव्हा" अशी सुरुवात केली, की बायको हातातलं काम न थांबवता म्हणते, "ह्यांनी तिथला बसस्टँड लई चांगला बघितलाय." पाहुणे हसतात. मीही हसतो, कारण न हसलो तर पुढचं सगळं ती सांगेल. पण आतून जो राग येतो तो इतक्या महिन्यांनंतरही तसाच्या तसा आहे. फक्त तो कुणावर आहे हे दर आठवड्याला बदलतं. म्हणून म्हटलं एकदा लिहून काढावं, म्हणजे कुणाच्या वाट्याला किती ते तरी ठरेल.

आम्ही गेलो होतो बाळंतपणाला. मुलगी आणि जावई जर्मनीत, ड्रेस्डेनला राहतात. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडं रीत. पण मुलीला माहेरी येणं जमेना, म्हणून माहेरच विमानात बसून मुलीकडं गेलं. माहेर म्हणजे बायको, डिंक, खारीक, हळीव, बाळंतशोपा, आणि या सामानाबरोबर मी. तिथं पोचल्यापासून बायको जी स्वयंपाकघरात शिरली ती व्हिसा संपत आला तरी तिथंच होती. बाळाची मालीश, अंघोळ, शेक, मुलीचं खाणंपिणं, पुन्हा बाळ. ओट्यासमोरच्या खिडकीतून ट्रामच्या रुळांचा एक तुकडा दिसायचा. तिचा युरोप तेवढाच.

मला दोन कामं होती, दूध आणणं आणि कचरा खाली नेऊन टाकणं. तिकडं कचऱ्याचे वेगवेगळ्या रंगांचे डबे असतात. मी काचेची बाटली कागदाच्या डब्यात टाकली. खालच्या मजल्यावरच्या बाईनं ती काढली आणि आमच्या दारात आणून ठेवली, एक शब्द न बोलता. त्या न बोलण्याचा मला इतका संताप आला की दुसऱ्या दिवशी ती खिडकीत असताना मी मुद्दाम काचेच्या डब्यापाशी गेलो, बाटली उंच धरून तिला दाखवली आणि आत टाकली. ती बाटलीही परत आली. हिरव्या काचेचा डबा वेगळा असतो म्हणे. त्यानंतर माझ्याकडं फक्त दूध राहिलं.

परतीची वेळ जवळ आली तशी मुलगी म्हणाली, आईनं इथं येऊन काहीच बघितलेलं नाही. प्राग इथून बसनं दोन तासांवर आहे. सकाळी जा, संध्याकाळी परत या, एक दिवस बाळाचं आम्ही दोघं बघतो. मी लगेच उभा राहिलो. भूगोलाचा मास्तर ना मी. टेंभुर्णीच्या शाळेत युरोपचा नकाशा टांगून छडीनं प्राग इतक्या वेळा दाखवलं होतं की त्या जागी कागदाला भोक पडलं होतं. त्या भोकात प्रत्यक्ष जायला मिळणार म्हणून माझ्या अंगात काहीतरी संचारलं.

बायको बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती. तिनं हातातली घडी पूर्ण केली आणि म्हणाली, "येते मी. पण आधीच सांगून ठेवते. एकच दिवस हाय माझा. मला वढू नका. जिथं वाटंल तिथं मी उभी राहणार, आन माझं बघून झाल्यावरच हलणार."

मी म्हणालो, बिलकुल. तुझाच दिवस. जावई समोर बसले होते, ते साक्षीदार आहेत. नंतर मला हे साक्षीदार फार महागात पडले.

मग मी तयारीला लागलो. मास्तरकीच्या काळात शाळेच्या सहली मीच काढायचो. दौलताबाद, वेरूळ, पैठण, सगळं एका दिवसात उरकून रात्री पोरं आपापल्या घरी सोडायची, असा माझा लौकिक होता. प्रागचेही व्हिडिओ बघून बघून मी रस्ता पाठ केला. आधी घड्याळ, मग पूल, मग टेकडीवरचा किल्ला, मग त्यातलं मोठं चर्च. पासपोर्ट, तिकिटं, पैसे, माझा फोन हे सगळं कमरेच्या पाऊचमध्ये घातलं. तिचाही फोन घातला. तिच्याजवळ राहिला तर पडेल, हरवेल, असं मला वाटलं. तिनं दिला. ती असल्या गोष्टींत वाद घालत नाही, आणि त्यामुळं आपलं बरोबर होतं असा माझा समज होत आलेला आहे.

आता इथं मला एक आमच्याकडची गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं तुम्हाला नुसता वेंधळेपणा वाटेल. तो आहेच, पण त्याला घराणं आहे. आमच्या भोकरदन तालुक्यात नवरा-बायको रस्त्यानं निघाले की नवरा पुढं चालतो आणि बायको मागं. असं कुणी ठरवलेलं नाही, तसं होतं. आणि पुढं चालणारानं मागं वळून बघायचं नसतं. बघितलं तर लोक म्हणतात, काय हो, बायको पळून चालली का? माझे वडील केदारखेड्याच्या बाजारातून परत यायचे ते असेच. घरी पोचून दारातूनच पाणी मागायचे, आणि ज्या आईनं पाणी द्यायचं ती डोक्यावर टोपलं घेऊन अजून मारुतीच्या देवळापाशी असायची. वळून बघायची गरजही नसायची. बायकांच्या चपलांचा एक आवाज असतो, बांगड्यांचा असतो. तो मागून येत असला की सगळं बराबर आहे. मीसुद्धा लग्न झाल्यापासून तसाच चालत आलो. तिच्या चपलेची फटफट मला मुलाबाळांच्या आवाजाइतकी ओळखीची. ती जरा मंदावली की मी न वळता म्हणायचो, "जल्दी चल."

पण प्रागला ती चप्पल नव्हती. मुलीनं तिला रबरी तळव्याचे खेळायचे बूट घेऊन दिले होते आणि स्वतःचा जाड कोट तिच्या अंगावर चढवला होता. बांगड्या कोटाच्या बाहीत. म्हणजे माझ्या मागं एक पूर्णपणे बिनआवाजाची बायको चालणार होती, आणि ही गोष्ट भूगोलाच्या मास्तराच्या डोक्यात एकदाही आली नाही.

सकाळी बसमधून उतरलो आणि चालत चौकात आलो. रस्ते सगळे दगडी, फरशी नाही, चौकोनी दगड ठोकून बसवलेले. पहिल्या गल्लीतच माझा पाय मुरगळला आणि पहिला राग त्या गावाच्या नगरपालिकेवर निघाला. चौकात जुन्या घड्याळाखाली ही गर्दी. सगळ्यांचे हात वर आणि हातात फोन. तास भरायला थोडा अवकाश होता. मी बायकोला सगळं आधीच सांगून टाकलं. आता खिडक्या उघडतील, संतांच्या मूर्ती फिरतील, सांगाडा घंटा वाजवील, शेवटी कोंबडा आरवेल. तास भरला, खिडक्या उघडल्या, काहीतरी फिरलं, कोंबडा घसा बसल्यासारखा आरवला आणि खिडक्या बंद. कुकरची एक शिट्टी व्हायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. मला भयंकर राग आला. शेकडो वर्षांचं जुनं घड्याळ, सगळं जग लोटलेलं, आणि दाखवतात एवढंसं. आमच्या जत्रेतला बाहुल्या नाचवणारासुद्धा माणसं जमली म्हटल्यावर जरा लांबवतो.

"झालं. चल," मी म्हणालो.

"मला दिसलंच न्हाई," बायको म्हणाली. तिच्या पुढं एक ताडासारखा माणूस खांद्यावर पोर घेऊन उभा होता. "कोंबड्याचा आवाज तेवढा आला. तासाभरानं परत व्हतंय ना? थांबू."

मी म्हणालो, व्हिडिओ केलाय, बसमध्ये दाखवतो. पुढं पूल आहे, किल्ला आहे, चर्च आहे. एका घड्याळापाशी तास घालवला तर बाकीचं कधी बघायचं?

"घरी काय ठरलं व्हतं?"

"ठरलं ते ठरलं. आता काय त्याचं लोणचं घालायचं का? घड्याळ आपल्या घरी न्हाई का?"

ती काही बोलली नाही. ती बोलली नाही की मी ते मान्य झालं असं धरतो. आमच्या संसाराचा बराचसा कारभार या धरण्यावर चाललेला आहे. मी वळलो आणि निघालो.

चौकापासून पुलापर्यंत अरुंद, वळणाची गल्ली आहे. त्या गल्लीभर मी बोलत होतो. मान जराशी तिरकी करून, मागच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात, सहलीतल्या पोरांशी बोलायचो तसा. इथले राजे, इथली युद्धं, इथले काचेचे कारखाने. बायको उत्तर देत नव्हती, म्हणजे रुसली होती, म्हणजे मागून येत होती. पुलावर पोचलो. दोन्ही बाजूंना संतांचे काळे पुतळे आणि खाली नदी. मी कठड्यापाशी थांबून म्हणालो, "ही डॅन्यूब. नीट बघून घे." ती डॅन्यूब नाही. ती व्हल्टावा. डॅन्यूब प्रागच्या जवळपासही जात नाही हे मला मुलीनं नंतर फोनवर सांगितलं, आणि तेव्हा माझी मनःस्थिती नद्या ऐकून घेण्यासारखी नव्हती. टेंभुर्णीच्या पंचक्रोशीत कितीतरी शिकलीसवरली माणसं आज छातीठोकपणे चुकीची आहेत, ती माझ्यामुळं.

घसा कोरडा पडला होता. पाण्याची बाटली तिच्या पिशवीत. घामानं टोपी काढून मी डाव्या हातात धरली होती, आणि उजवा हात न वळता मागं केला, तळवा वर, पाण्यासाठी. हाही घरचाच रिवाज. हात मागं केला की त्यात बाटली येते. जरा वेळ काही आलं नाही. मग टोपीत काहीतरी खण्णकन् पडलं.

बघतो तर नाणं. आणि वळून बघतो तर गुडघ्यापर्यंतची चड्डी घातलेला एक गोरा म्हातारा माझ्याकडं अतिशय मायेनं बघून मान हलवत होता. त्या कठड्याला लागून दोन-तीन भिकारी गुडघे टेकून, टोप्या पुढं धरून बसलेले होते, आणि त्यांच्या रांगेत मी उभा. गेलो होतो नात बघायला आणि युरोपात भीक मिळाली. मी त्या म्हाताऱ्याला म्हणालो, मी मास्तर आहे. मराठीत म्हणालो. त्यानं आणखी एक नाणं काढलं.

त्याच्या मागं माझी बायको नव्हती. त्याच्या मागच्या माणसांच्या मागंही नव्हती.

पहिल्यांदा आली ती भीती नव्हती, हे मी स्पष्ट सांगतो. पहिल्यांदा आला राग. काय बाई आहे ही. परक्या मुलखात, इतक्या गर्दीत, माणसानं पाठ सोडायची असते का? मी पुलावरच तिला मनातल्या मनात झाडून काढलं. मग फोन काढला आणि तिचा नंबर लावला. माझ्याच पोटावर भजन वाजायला लागलं. तिच्या फोनची रिंगटोन. पाऊचची चेन उघडून तो बंद करेपर्यंत तो चड्डीवाला म्हातारा पुन्हा माझ्याकडं बघत उभा, आणि आता त्याला मी गाणारा भिकारी वाटलो असणार.

भीती आली ती तेव्हा. तिच्याजवळ फोन नाही. पासपोर्ट नाही. पैसे नाहीत. भाषा नाही. सगळं माझ्या कमरेला. ती घनसावंगीला बहिणीकडं जाताना जीपमध्ये एकटी बसते, आणि त्यापलीकडं एकटी कुठं गेलेली मला माहीत नाही.

मी उलटा पळालो. ज्या गल्लीतून बोलत बोलत आलो होतो ती आता संपता संपेना. प्रत्येक दुकानात डोकावलो. एका बाहुल्यांच्या दुकानात काळ्या केसांची बाई पाठमोरी दिसली, तिला "अगं, लाज न्हाई का वाटत?" म्हणालो. ती वळली, ती भलतीच कुणी. चौकात पोचलो तेव्हा पुन्हा तास भरत आला होता, पुन्हा तीच गर्दी, पुन्हा हात वर. मी घड्याळाच्या बरोबर खाली जाऊन उभा राहिलो आणि गर्दीतल्या तोंडांकडं बघू लागलो. सगळं जग घड्याळाकडं तोंड करून आणि मी एकटा घड्याळाकडं पाठ करून. लोक मला हातानं बाजूला हो म्हणत होते. वर कोंबडा आरवला. बायको दिसली नाही. चौकाच्या मधोमध एक मोठा पुतळा आहे, त्याच्याभोवती लोक बसतात, तिकडूनही एक फेरी मारली. मग दुसरी. नाही.

पोलीस सापडला. तरुण होता, फार शांत. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, त्यामुळं आमचं बरं जमलं. बायको हरवली, इंडियन, म्हणालो. त्यानं विचारलं, अंगावर काय आहे? मी म्हणालो, कोट. रंग?

रंग.

सकाळपासून ती माझ्याबरोबर होती. बसमध्ये शेजारी बसली होती. मी म्हणालो, चॉकलेटी. तो म्हणाला, नक्की? मी म्हणालो, चॉकलेटी असेल. त्यानं विचारलं, आजचा फोटो? मी घाईनं फोन काढला. आजचे पुष्कळ फोटो होते. बसजवळ मी. चौकाच्या तोंडाशी मी, कमरेवर हात. घड्याळाखाली मी, मागं गर्दी. काढलेले सगळे तिनं. मागं मागं गेलो, कालचे, परवाचे, ड्रेस्डेनचे. बाळ, मुलगी, जावई, मी, बाळ. एका फोटोत कडेला तिचा हात होता, बाळाला तेल लावताना. कोपरापर्यंत. पोलीस माझ्या खांद्यावरून बघत होता. तो काहीच म्हणाला नाही, आणि ड्रेस्डेनच्या त्या बाटलीवाल्या बाईनंतर न बोलण्याचा मला दुसऱ्यांदा इतका राग आला. त्यानं वायरलेसवर चॉकलेटी कोट सांगून टाकला आणि मला म्हणाला, बस स्टेशनवर जाऊन थांबा, बहुतेक लोक तिथंच येतात.

आता मुलीला फोन करणं भाग होतं. मी शक्य तितक्या सहज आवाजात म्हणालो, अगं, आई जरा मागं राहिली, तिला कुठं गाठायचं? मुलगी म्हणाली, तिलाच फोन करा ना. मागून बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

"पप्पा, आईचा फोन कुठं आहे?"

"माझ्याजवळ."

"का?"

या "का"ला मी आजवर उत्तर शोधतो आहे. पडेल म्हणून, असं म्हणालो. त्यावर ती जे बोलली ते सगळं इथं लिहीत नाही. बापाला लेकीनं असं बोलावं का, म्हणून त्या वेळी मला फार राग आला, आणि आजही त्यातलं एकही वाक्य खोडून काढता येत नाही म्हणून जास्त येतो. शेवटी ती म्हणाली, "स्टँडवर जा आणि तिथंच बसा. कुठं हलू नका. आईला स्टँड माहीत आहे, ती बरोबर येईल. तिची मला काळजी नाही." मग बाळाला थोपटत तिनं माझी नदीही सुधारली, कारण मी बोलता बोलता डॅन्यूबच्या पुलावर चुकामूक झाली असं म्हणालो होतो.

तर मी स्टँडवर बसलो. दुपार व्हायची होती आणि बस संध्याकाळची. दाराकडं तोंड करून एका बाकावर बसलो आणि तिथून हललो नाही. प्रागमधला किल्ला, चर्च, राजवाडे, काचेची झुंबरं, सगळं दीड-दोन मैलांवर, आणि मी बघतोय काय, तर सरकती काचेची दारं. उघडतात, मिटतात. उघडली की मी अर्धा उठतो. प्रत्येक वेळी दुसरंच कुणीतरी. समोर मुतारीची पाटी होती, पण गेलो आणि नेमकी ती आली तर? म्हणून तेही दाबून बसलो. बसल्या बसल्या मी भांडण तयार केलं. जालन्यातून निघाल्यापासून आजपर्यंतचं सगळं त्यात घेतलं. तिच्या माहेरची माणसं घेतली. ती आली की पहिलं वाक्य काय, दुसरं काय, ती असं म्हणाली तर मी काय. दुपार कलली तसं ते भांडण पातळ व्हायला लागलं आणि त्याच्या मधून मधून मी देवाला काय काय कबूल करू लागलो. ते मी इथं सांगणार नाही. त्यातलं बरंचसं अजून फेडायचं राहिलंय.

बस लागायच्या जरा आधी दारं उघडली आणि ती आत आली. घाई नाही, गोंधळ नाही. गाल थंडीनं लाल झालेले. हातात कागदात गुंडाळलेलं साखरेचं काहीतरी, त्यातलं अर्धं खाल्लेलं. कोट हिरवा होता.

मी तयार केलेलं भांडण सगळं विसरलो आणि स्टँडभर ऐकू जाईल असा ओरडलो. कुठं होतीस, काय समजतेस स्वतःला, पोलिसात गेलो मी, पोरीनं माझी काय काय काढली, भीक मिळाली मला भीक. लोक बघायला लागले. ती थांबली. माझा श्वास संपेपर्यंत थांबली.

"मी हरवले न्हवते," ती म्हणाली. "मी थांबले व्हते. तुम्ही गेल्ते."

"मी परत आलो ना! घड्याळापाशी आलो!"

"माहीत हाय. बघितलं मी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हणालो, काय बघितलंस?

"तुम्हाला. त्या पुतळ्यापाशी बसले व्हते मी. माझ्या म्होरून गेलात. दोनदा."

"मंग हाक का न्हाई मारली?"

तिनं कागदातला एक तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. चावून झाल्यावर म्हणाली, "घड्याळ बघून राह्यले व्हते."

एवढं बोलून ती बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली. मी आधी मुतारीकडं पळालो. राग असा की डोळ्यांपुढं काही दिसत नव्हतं, आणि त्या रागाला वाट करून द्यायला पहिल्यांदा मुतारी शोधावी लागावी यासारखी मानहानी नाही. आत जायला पैसे लागत होते. माझ्याजवळ नाणी होती, टोपीतली.

बसमध्ये शेजारी शेजारी बसलो. मला वाटत होतं, ती रडेल, नाहीतर माझ्यावर ओरडेल, मग मी ओरडेन, आणि घर येईपर्यंत सगळं जागच्या जागी बसेल. तीस-पस्तीस वर्षांत असंच बसत आलं आहे. पण ती खिडकीतून बाहेर बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

पैसे कुठून आणलेस, मी विचारलं. "पोरीनं दिल्ते. पोलक्यात ठेवले व्हते." म्हणजे मायलेकींना आधीच अंदाज होता. हा एक निराळा राग, तो मी मुलीच्या खात्यावर टाकला. मग थोड्या वेळानं, सहज विचारतोय असं दाखवून, मी म्हणालो, काय काय बघितलंस?

"घड्याळ बघितलं. दोनदा."

"त्यात काय बघायचं दोनदा?"

आता ती माझ्याकडं वळली. "तो सांगाडा घंटा वाजवतो ना, तवा बाजूचे बाकीचे बाहुले माना हलवत्यात. चला म्हणतो तो, आन ते न्हाई न्हाई म्हणत्यात. एक तर आरशात बघत उभा हाय. बघितलं व्हतं का तुम्ही?"

मी नव्हतं बघितलं. घाईनं माझा व्हिडिओ लावला. त्यात ताडासारख्या माणसाचं डोकं आणि वरच्या पोराचे बूट.

"मंग अजून काय?" मी म्हणालो.

"एका गल्लीत एक म्हातारी खिडकीत बसून शेंगा सोलत व्हती. आपल्यासारख्याच, अंगठ्यानं. मी खाली उभी राहून बघत बसले. तिनं बी बघितलं मला."

"मंग?"

ती माझ्याकडं बघत राहिली, म्हणजे ठरवत असावी. मग म्हणाली, "मंग काय न्हाई," आणि पुन्हा खिडकीकडं वळली. ड्रेस्डेन येईपर्यंत मी आडून, सरळ, गोडीनं, चिडून विचारून बघितलं. तिनं डोळे मिटले. झोपली नव्हती. झोपल्यावर तिचा श्वास कसा होतो हे मला माहीत आहे. तेवढं तरी माहीत आहे.

हे सगळं गेल्या शरदातलं. आता उन्हाळा लागला, आणि परवा गच्चीवर कुरडया घालताना शेजारच्या बाईशी ती बोलत होती. मी पाण्याची बादली घेऊन जिन्यात होतो. ती सांगत होती, की म्हातारीनं वरून हात केला, वर ये म्हणून, आणि मी गेले वर. लाकडी जिना होता, अंधारा. दार उघडंच होतं. आत गेले तर बाई, भिंतभर... एवढ्यात माझ्या हातातली बादली कठड्याला लागली. ती थांबली. शेजारीण म्हणाली, मंग, भिंतभर काय? ती म्हणाली, "पाणी आलं वाटतं. उद्या सांगते."

मी बादली ठेवून तिथंच उभा राहिलो. म्हणालो, सांग की, मीही ऐकतो. ती कुरडईचा सोऱ्या फिरवत राहिली. मी म्हणालो, इतके महिने झाले, चूक झाली असंही कबूल करतो, आता तरी सांग. शेजारीण माझ्याकडं अशी बघत होती की मलाच माझी दया आली आणि त्या दयेचाही राग आला. बायको म्हणाली, "तुम्हाला काय करायचंय? तुमचा पूल बघून झालाय ना?"

संध्याकाळी त्या शेजारणीला मी रस्त्यात गाठलं आणि विचारलं, वहिनी, भिंतभर काय होतं? तिनं पदर तोंडाला लावला आणि हसत घरात गेली. म्हणजे तिला आता माहीत आहे. गल्लीतल्या आणखी दोघीतिघींनाही माहीत आहे असा माझा संशय आहे. अख्ख्या गल्लीत नसेल माहीत तर एकट्या मला, जो तिला तिथं घेऊन गेला, स्वतःच्या पाऊचमध्ये तिचा पासपोर्ट घेऊन.

माझं तुमच्याकडं एकच काम आहे. कधी जालन्याला आलात तर आमच्याकडं या. तिला विचारा, ती सांगेल, आवडीनं सांगेल. फक्त मी घरात नसताना विचारा. आणि ती म्हणेल, ह्यांना सांगू नका. तेवढं ऐकू नका.